काळोखातली नळी

आमच्या प्रयोगशाळेतील लाकडी स्टँडवर काचेच्या आठ नळ्या ओळीने उभ्या असत, आणि त्यांतील डावीकडची पहिली नळी आधी काळ्या कागदात व मग स्वयंपाकघरातल्या चंदेरी फॉइलमध्ये अशी दुहेरी गुंडाळून ठेवण्याचा शिरस्ता होता. तिच्यात जंतू असत, ज्या कणांवर आमची सारी भिस्त होती ते कणही असत; मात्र तिच्यावर प्रकाशाचा किरण पडू द्यायचा नाही आणि ध्वनीचा धक्का तिला लागू द्यायचा नाही, एवढा तिच्यापुरता बंदोबस्त होता. उरलेल्या सात नळ्यांत काय घडले हे पाहण्यासाठी सकाळी सारे जण उबवणपेटीभोवती गोळा होत. पहिल्या नळीतला थेंब पसरलेली बशी मात्र बहुधा मी एकटीच, सर्वांत शेवटी, खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहत असे. प्रकाश आणि श्राव्यातीत ध्वनी, म्हणजे ज्याला व्यवहारात आपण अल्ट्रासाऊंड म्हणतो तो, यांच्या साहाय्याने चेतविलेल्या नॅनोकणांनी जंतू मारता येतील काय, या एका प्रश्नापायी माझ्या नोकरीची अखेरची नऊ वर्षे गेली, आणि त्या वर्षांचा जमाखर्च मांडायला बसले की जमेच्या बाजूला पहिले नाव त्या काळोखातल्या नळीचेच लिहावे लागते.

ही कल्पना मुळात अशी आहे. प्रतिजैविक औषध हे जंतूच्या देहातील एखाद्या नेमक्या जागी घाव घालते; पेनिसिलिन जंतूची भिंत रचणाऱ्या विकरांना अडवते, दुसरे एखादे औषध त्याच्या प्रथिने घडविण्याच्या यंत्रणेवर जाऊन बसते, आणि ती नेमकी जागा जंतूने किंचित बदलली, किंवा औषधच फोडून टाकणारे विकर निर्माण केले, की त्या औषधाचा अंमल संपतो. याउलट टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या पदार्थाच्या कणाला योग्य ती ऊर्जा मिळाली, तर त्यातील इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून वरच्या पातळीवर जातो, मागे धनप्रभाराची एक पोकळी राहते, आणि ही ताटातूट मिटण्यापूर्वी भोवतालचे पाणी व त्यात विरघळलेला प्राणवायू यांच्याशी तिची गाठ पडली, तर हायड्रॉक्सिल मूलक, सुपरऑक्साइड, सिंग्लेट ऑक्सिजन अशी अतिशय उग्र व अल्पायुषी द्रव्ये जन्माला येतात. त्यांना जंतूचे कोणतेही एक मर्मस्थान शोधावे लागत नाही. बाहेरचा पडदा, प्रथिने, आनुवंशिक द्रव्य, जे समोर येईल त्याचे ती ज्वलन करतात, आणि म्हणूनच एखाद्या जागी फेरबदल करून जंतूला त्यांच्या तावडीतून सुटणे फार कठीण जाते. सिंग्लेट ऑक्सिजनचे पाण्यातील आयुष्य एका सेकंदाच्या दशलक्षांश भागांत, तेही चार-पाच भागांपेक्षा कमी. तेवढ्यात त्याचा जो प्रवास होतो तो एका जंतूच्या लांबीइतकाही नसतो. तेव्हा मारणारा कण जंतूला अगदी बिलगून असला पाहिजे, हे ओघानेच आले.

माझे बालपण पिंपरीत गेले. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात माझे वडील किण्वन विभागात नोकरीस होते, आणि पेनिसिलिन हा शब्द आमच्या घरी कुलदैवताच्या नावासारखा आदराने उच्चारला जाई. वडील पाळीवरून परत आले की त्यांच्या कपड्यांना किण्वनाचा एक आंबूस, ओलसर वास असे. तो वास म्हणजे माझ्या लेखी आरोग्याचाच वास होता. पुढे महाविद्यालयात असताना, पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल व्याख्यानात, अपुरी मात्रा घेतली तर जंतू औषधाला निर्ढावतील असा स्पष्ट इशारा देऊन ठेवला होता, हे मी वडिलांना वाचून दाखविले. तेव्हा ते बराच वेळ स्तब्ध बसले आणि मग, "म्हणजे आम्ही बनवत होतो ते सगळ्यांनी जपून वापरायला हवं होतं," एवढेच म्हणाले. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली असावीत, असा अंदाज २०२२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला, त्या वेळी ते हयात नव्हते. ती आकडेवारी वाचताना मला त्यांच्या कपड्यांचा वास आठवला.

या विषयाकडे मला वळविले ते मात्र एका जखमेने. जखमेतील पुवाचे नमुने आणण्यासाठी मी काही महिने एका सार्वजनिक रुग्णालयात जात असे. तेथे मधुमेहाने पाय चिघळलेल्या एका आजीबाई होत्या. सकाळी पट्टी सोडली की वरून जखम रुपयाच्या नाण्याएवढी दिसे, पण शल्यचिकित्सकांनी बोथट सळई आत सरकविली की ती पाहता पाहता दोन बोटे खोल जाई आणि हाडाला टेकल्याचा एक बारीक, कोरडा आवाज येई. आजी डोळे मिटून घेत. "औषधं तर सगळी झाली, पोरी," असे मला म्हणत. त्या काळी आम्ही केवळ प्रकाशाने चेतणाऱ्या कणांवर काम करीत होतो आणि काचेच्या बशीत त्यांचे यश पाहून मनोमन सुखावत होतो. परंतु त्या सळईने मला दाखविले की आमचा प्रकाश त्या नाण्याएवढ्या तोंडाशीच अडणार. लाल प्रकाश मांसात काही मिलिमीटर शिरतो, निळा आणि अतिनील त्याहूनही कमी. आणि जंतू तर हाडालगत, आपल्याच चिकट स्रावाच्या आवरणाखाली ठाण मांडून बसलेले. ध्वनी मात्र देहात कित्येक सेंटिमीटर खोल जातो, आणि गर्भातले मूल आपण त्याच आधाराने पाहतो. मग प्रकाश जेथे पोचत नाही तेथे कणाला जागे करण्याचे काम ध्वनीकडून का करवून घेऊ नये, या विचाराने मी त्या दिवशी परतले. आजींना मी थोडेसे समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, "त्याचा आवाज येईल का गं?" मी म्हटले, "नाही आजी, माणसाला ऐकू येत नाही तो." त्यावर त्या म्हणाल्या, "मग बरं."

विचार नवा नव्हता, हे ग्रंथालयात बसल्यावर ध्यानी आले. म्युनिकमध्ये हेर्मान फोन टाप्पाइनर यांच्या प्रयोगशाळेत ऑस्कर राब नावाचा विद्यार्थी ॲक्रिडीन या रंगद्रव्याचा पॅरामिशियम या एकपेशीय जीवावर होणारा परिणाम पाहत होता. तीच मात्रा, तेच जीव, आणि तरीही एके दिवशी ते लवकर मेले तर दुसऱ्या दिवशी कितीतरी वेळ जगले. दोन दिवसांतील फरक शोधता शोधता त्याच्या लक्षात आले की एका दिवशी वादळी हवेमुळे खोलीत उजेड कमी होता. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या त्या शोधातून पुढे प्रकाशोपचाराची एक शाखा उभी राहिली. ध्वनीची कथा निराळी. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाण्यात तीव्र श्राव्यातीत ध्वनी सोडला, तेव्हा त्या झोतात सापडलेले मासे मरतात असे त्यांना आढळले. १९२९ साली अमेरिकेत हार्वे आणि लूमिस यांनी त्याच ध्वनीने प्रकाशमान जंतू मारून दाखविले. आणि १९८९ साली जपानमध्ये युमिता व उमेमुरा यांनी प्रकाशोपचारातील रंगद्रव्यालाच ध्वनीने चेतवून कर्करोगाच्या पेशी मारल्या. राबची गोष्ट मी त्या वेळी एक रंजक आख्यायिका म्हणून वाचली. ती माझ्यासाठीच लिहून ठेवलेली सूचना होती, हे कळायला आणखी दोन वर्षे जावी लागली.

ध्वनी देणाऱ्या यंत्रासाठीची दरखास्त मंजूर होऊन येण्यात एक सबंध वर्ष गेले. त्याविषयी अधिक लिहीत नाही. त्या वर्षात आम्ही कण तयार करण्याचा हात बसविला. टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी खडूसारखी पांढरी शुभ्र असते. तिच्यावर सोन्याचे बारीक कण चढविले की ती हळूहळू फिकट जांभळी आणि मग जांभळाच्या गरासारखी होते. सोन्याचा पिवळेपणा इतक्या लहान आकारात शिल्लकच राहत नाही, हे पुस्तकात शेकडो वेळा वाचलेले असूनही चंचुपात्रातील तो रंगबदल पाहण्यासाठी मी दर वेळी हातातले काम बाजूला ठेवीत असे. सोन्याचे प्रयोजन शोभेचे नव्हे. मोकळा झालेला इलेक्ट्रॉन ते आपल्याकडे ओढून धरते, त्यामुळे मघाशी सांगितलेली ताटातूट अधिक काळ टिकते. शिवाय निव्वळ टायटॅनियम डायऑक्साइडला जागे करण्यास अतिनील किरणच लागतात, तर सोन्यामुळे हिरवा दृश्य प्रकाशही उपयोगी पडू लागतो. ध्वनी कणाला कसा जागवितो याविषयी तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. ध्वनीच्या दाबाने पाण्यात सूक्ष्म बुडबुडे फुगतात आणि क्षणार्धात आत कोसळतात. कोसळण्याच्या त्या बिंदूवर तापमान काही हजार अंशांपर्यंत चढते आणि अंधाऱ्या खोलीत डोळ्यांना दिसेल असा मंद निळसर प्रकाशही तेथे उमटू शकतो. हा प्रकाशच कणाला चेतवितो असे काही म्हणतात, उष्णता व धक्का यांना काही श्रेय देतात. मला दोन्ही मिळून खरे वाटते.

पहिले यश चैत्रात आले. ध्वनी आणि प्रकाश दोन्ही दिलेल्या नळीतील थेंब ज्या बशीवर पसरला होता तिच्यावर दुसऱ्या दिवशी एकही वसाहत नव्हती. स्वच्छ, पिवळसर अगार आणि त्यावर माझ्या तोंडाचे प्रतिबिंब. प्रयोगशाळेतले आमचे मामा, ज्यांनी पस्तीस वर्षे नळ्या धुतल्या होत्या, त्यांनीही बशी हातात घेऊन, "ताई, साफ!" असा निर्वाळा दिला. आमच्या विभागप्रमुख बाईंनी तेवढी एकच बशी न पाहता वहीतील आठवडाभराच्या नोंदी चाळल्या आणि विचारले, "सकाळचे प्रयोग फिके आणि दुपारचे इतके जोरकस, हे कसं?" मला उत्तर देता आले नाही. "पाण्याचं तापमान कुठं लिहिलंय?" या त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाला तर वहीत स्तंभच नव्हता. दुसऱ्या दिवशी, ज्यात नळ्या बुडवून ध्वनी देत असू त्या ध्वनिपात्रातील पाण्यात तापमापी बुडवून बसले. सकाळी जे पाणी कोमट होते, ते सतत चालवून दुपारी बोट ठेववेना इतके तापले. आमचे जंतू नॅनोकणांनी मारले नव्हते. ते बऱ्याच अंशी शिजले होते. बर्फ घालून पाणी थंड राखले, तेव्हा बशीवर पुन्हा वसाहतींची दाटी झाली. त्या दिवशी मी मामांशीही बोलले नाही.

त्यानंतर पडताळणीचा एक दीर्घ काळ सुरू झाला, आणि आता सांगायला हरकत नाही की तोच या सर्व वर्षांतील सर्वांत समृद्ध काळ होता. ध्वनिपात्रात नळी कोठे धरली यावर निकाल बदलतो अशी शंका आली, तेव्हा बाईंनी एक जुनी युक्ती सांगितली: फॉइलचा एक तुकडा पाण्यात उभा धरायचा, अर्धा मिनिट ध्वनी सोडायचा, आणि बाहेर काढून पाहायचे. तो तुकडा मी उजेडासमोर धरला तेव्हा काही पट्ट्यांत तो कसरीने खाल्लेल्या पानासारखा जाळीदार झाला होता आणि मधले पट्टे जसेच्या तसे कोरे होते. पाण्यात बुडबुडे कोठे कोसळतात याचा तो नकाशाच होता. म्हणजे बोटाएवढे अंतर इकडेतिकडे झाले की एका नळीला भरपूर मार आणि शेजारच्या नळीला काहीच नाही. आणि आम्ही मात्र दोघींना समान समजून त्यांच्या सरासऱ्या काढीत होतो. त्या दिवसापासून नळीची जागा तारेच्या चौकटीने पक्की केली, आणि पुढे ते पात्र सोडून फिजिओथेरपीत सांध्यांना शेक देण्यासाठी वापरतात तसा सेकंदाला दहा लाख कंपनांचा ध्वनिप्रक्षेपक घेतला, ज्याची तीव्रता नेमकी राखता येते.

स्टॅफिलोकोकसने तर आम्हांला पुरते बुचकळ्यात टाकले. हे जंतू द्राक्षांच्या घडासारखे एकमेकांना चिकटून राहतात, आणि त्यांच्या ग्रीक नावाचा अर्थही तोच आहे. केवळ सौम्य ध्वनी दिलेल्या नळीत त्यांची संख्या कमी होण्याऐवजी वाढलेली दिसू लागली. एका विद्यार्थ्याने तर ध्वनीमुळे जंतूंची वाढ होते असे टिपणही लिहून ठेवले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर उलगडा झाला. आपण बशीवर मोजतो त्या वसाहती, जंतू नव्हेत. वीस जंतूंचा घड एका जागी पडला तर त्याची एकच वसाहत उगवते, आणि ध्वनीने तो घड विस्कटला तर वीस. जंतू जेवढे होते तेवढेच होते, आमच्या मोजणीची पट्टी मात्र ध्वनीने बदलून टाकली होती. आणि याचा दुसरा अर्थ असा, की ज्या नळीत जंतू मरत होते तेथेही घड फुटतच होते, म्हणजे आमचा मृत्यूचा आकडा खऱ्याहून लहान येत असला पाहिजे. चूक आपल्या बाजूची असो वा विरुद्ध बाजूची, तिची खातरजमा सारख्याच कसोशीने करावी लागते. आपल्या बाजूच्या चुकीकडे मन सहसा जात नाही, म्हणून अधिक.

आणि मग ती पहिली नळी. तिसऱ्या वर्षी एका पावसाळी सकाळी मी तिची बशी उचलली आणि ती जवळजवळ रिकामी होती. प्रकाश नाही, ध्वनी नाही, आणि तरीही जंतू मेलेले. प्रथम मी फॉइलला दोष दिला. कोठेतरी फट राहिली असेल. पुन्हा केले, काळा कागद तिहेरी केला, दिवे मालवून हाताच्या सवयीने काम केले, पुन्हा तेच. ज्या नळीत काहीच घडता कामा नये तिच्यात घडत होते, आणि जोवर ते घडत होते तोवर बाकीच्या सातही नळ्यांची साक्ष कवडीमोल होती. तीन आठवडे मी त्याच एका नळीपाशी होते. अखेर, कण अपकेंद्री यंत्रात फिरवून तळाशी बसविले, वरचे नितळ पाणी तेवढे वेगळे घेतले आणि त्या कणविरहित पाण्यात जंतू सोडले. ते मेले. म्हणजे मारणारा कण नव्हताच; कण घडविताना वापरलेल्या रसायनांचा अवशेष होता, जो त्या खेपेची भुकटी नीट न धुतल्यामुळे पाण्यात उतरत होता. धुण्याचे काम त्या वेळी घाईत मीच केले होते, तीनऐवजी एकदाच. नोंदवहीत माझ्याच अक्षरात ते स्पष्ट लिहिलेले होते. मी बाईंकडे जाऊन ती कैफियत सांगितली, आणि त्या खेपेच्या भुकटीवर झालेले चार महिन्यांचे सारे आकडे लाल शाईने रद्द केले. बाईंनी पानाच्या खाली आपली सही केली आणि म्हणाल्या, "आता उरलेलं खरं असेल."

उरले ते थोडे होते, पण ते उरले. सात पाण्यांनी धुतलेले कण, बर्फाने राखलेले तापमान, पक्की केलेली जागा, आणि काळोखातल्या नळीत सुखरूप जगणारे जंतू, एवढे सांभाळून पाहिले तेव्हा एकट्या हिरव्या प्रकाशाने काही जंतू मरत, एकट्या ध्वनीने त्याहून थोडे, आणि दोन्ही एकत्र दिले की मरणाऱ्यांची संख्या त्या दोहोंच्या बेरजेहून पुष्कळ अधिक भरे. त्या उग्र द्रव्यांना गिळून टाकणारी रसायने, जसे हायड्रॉक्सिलसाठी मॅनिटॉल आणि सिंग्लेट ऑक्सिजनसाठी हिस्टिडीन, नळीत घातली की हा परिणाम उतरे. त्यावरून मारेकरी तीच उग्र द्रव्ये असल्याची खात्री पटली. जंतूंनी काचेवर थापलेल्या चिकट थरावर मात्र प्रकाश व कण यांचे फारसे चालेना, आणि तेथेच ध्वनीने आपले मोल दाखविले: बुडबुड्यांच्या धक्क्याने थराला भेगा पडत आणि कण त्या भेगांतून आत शिरत. जांभळ्या रंगाची ती रेषा काचेवरच्या थरात उतरलेली मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला त्या आजींच्या पायात सरकणारी सळई दिसली.

त्यानंतरचा प्रश्न अटळ होता. जी द्रव्ये जंतूचा पडदा जाळतात ती माणसाची पेशी ओळखून सोडून देत नाहीत. त्वचेखालील तंतुपेशी बशीत वाढवून त्यांना तीच मात्रा दिली, तेव्हा जंतूंबरोबर त्यांचाही मोठा भाग मेला. बशीच्या तळाला पसरून चिकटलेल्या, माशांच्या थव्यासारख्या दिसणाऱ्या त्या लांबट पेशी आखडून गोल झाल्या आणि सुटून तरंगू लागल्या. बाईंनी अहवालात ही नोंद सर्वांत वर घालायला लावली. मात्रा उतरवून, एका दीर्घ प्रहाराऐवजी मध्ये विश्रांती देत अनेक छोटे प्रहार करून, कणांना जंतूच्या भिंतीकडे अधिक ओढ राहावी म्हणून त्यांच्या पृष्ठभागावर धनप्रभार ठेवून, आम्ही तो अरुंद मार्ग शोधीत राहिलो, जेथे जंतू मरतात आणि पेशी तग धरतात. तो सापडला आहे असे मी म्हणणार नाही. रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचण्याआधी कण देहात किती काळ राहतात, कोणत्या अवयवात साचतात, वारंवार दिले तर काय होते, या साऱ्याचा तपशील दिवसांनी नव्हे तर वर्षांनी मिळणार आहे. ज्या आजींना मी ऐकू न येणाऱ्या ध्वनीची गोष्ट सांगितली होती, त्यांचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, हे मला त्याच रुग्णालयात नंतर कळले. त्या वेळी आमच्याकडे त्यांना देण्यासारखे काही नव्हते.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी मी शेवटचा प्रयोग लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, निरोपसमारंभापूर्वी, उबवणपेटी उघडली. सात बश्या विद्यार्थ्यांनी आधीच टेबलावर मांडल्या होत्या आणि मोजणी चालू होती. मामांनी, सवयीने, पहिल्या नळीची बशी वेगळी काढून माझ्यासाठी खिडकीत ठेवली होती. मी ती उजेडाकडे धरली. वसाहती कडेपासून कडेपर्यंत गच्च, एकमेकींना भिडलेल्या, मोजता न येण्याजोग्या उगवल्या होत्या, आणि त्यांचा तो ओळखीचा, किंचित गोडसर वास झाकण उचलताच वर आला. मी वहीत पहिल्या स्तंभात तापमान लिहिले, दुसऱ्यात नळीचा क्रमांक, आणि तिसऱ्यात, आकड्याच्या जागी, "सर्व जिवंत".